न लागलेलं दही

खिडकीतल्या भांड्यातलं दूध चौथ्या दिवशीही पातळच होतं. आगाता कुबिचेकनं भांडं हलवून पाहिलं. पांढरंशुभ्र दूध नुसतं डुचमळलं.

गावी, पोलंडात, उन्हाळ्यात ताजं दूध उबेला ठेवलं की दुसऱ्या दुपारी त्याचं आपोआप दही लागायचं. विरजणही लागायचं नाही. नव्या बटाट्यांबरोबर ते दही खाल्लं की जेवण व्हायचं. इथे, समुद्रापलीकडच्या पोर्ट हॅलममध्ये, १९०७च्या जुलैत पारा नव्वद फॅरनहाइटवर होता आणि दूध ढिम्म.

"माझ्या हातालाच काहीतरी झालंय," ती म्हणाली. "महिनाभर एक दही लागलं नाही."

तिची धाकटी मुलगी रोझा बुटांचे बंद बांधत होती. "हाताचा काय संबंध, आई? दूध स्वच्छ आहे म्हणून टिकतंय. क्रॉवेलच्या डेअरीचं आहे ते. आमच्या खात्याच्या वहीत पहिल्या नंबरावर."

"टिकतंय म्हणे! अगं, माशीसुद्धा बसेना त्यावर. गाईच्या दुधावर माशी बसत नाही, असं ऐकलंयस कधी? एवढी शाळा शिकलीस, सांग बघू."

बंद बांधता बांधता रोझाचे हात थांबले.

आतल्या खोलीत हेला रडत होती. हेला रोझाच्या थोरल्या बहिणीची, ब्रॉन्काताईची, पाच महिन्यांची. ब्रॉन्का महिन्यापूर्वी पुन्हा सिगारच्या कारखान्यात जायला लागली, तेव्हापासून हेला बाटलीवर होती. तीन आठवडे तिचे जुलाब थांबत नव्हते. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे. आता ते रडणंही राहिलं नव्हतं, नुसती कुरकुर, बिजागरीसारखी. आणि कुठलं दूध घ्यायचं हे ब्रॉन्कानं रोझालाच विचारलं होतं. घरात रसायनशास्त्र शिकलेली ती एकटी, त्यात नोकरी शहराच्या आरोग्य खात्यात. रोझानं वहीत पाहून सांगितलं होतं, क्रॉवेल.

तिनं भांड्यावर नाक नेलं. आंबूस वास नाहीच. खाली, अगदी पुसट, दुसराच एक वास होता. कॉलेजात जीवशास्त्राच्या कपाटापाशी यायचा तो. बाटल्यांमध्ये बेडूक ठेवलेले असायचे ना, तिथला.

"आई, हेलाला हे देऊ नकोस. शेजारच्या मालीनोव्स्काबाईंच्या गाईचं दूध आण. उकळ, पाणी घाल, मग दे."

"आणि हे?"

"यातलं थोडं मला दे. बाकीचं खिडकीतच राहू दे."

प्रयोगशाळेत तिनं दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत क्रॉवेलचं दूध, दुसरीत मालीनोव्स्काबाईंच्या गाईचं. दोन्हींत तेवढंच पाणी. मग कडेकडेनं, हात न हलवता, गंधकाम्ल सोडलं. दुसऱ्या नळीत आम्ल आणि दूध मिळतात तिथे मळकट हिरवट रेघ आली. पहिलीत जांभळं कडं उमटलं, सुंदर, व्हायोलेटच्या फुलासारखं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा जांभळं. तिसऱ्यांदाही.

फॉर्मलिन. मेलेलं सडू नये म्हणून वापरतात ते, जिवंत पोराच्या बाटलीत.

तिचे वरिष्ठ डॉक्टर प्रुइट चष्मा वर करून बघत होते. "नमुना कुठला?"

"आमच्या दारातला, डॉक्टरसाहेब. क्रॉवेलच्या गाडीवरचा."

"मग तो धरता येत नाही. नियम सोमवारच्या बाटलीचा आहे."

सोमवारी प्रत्येक दूधवाल्यानं आपली बाटली आपणच खात्यात आणून द्यायची, असा इथला रिवाज होता. तपासणीही मग त्याच बाटलीची.

"साहेब, हे म्हणजे चोरालाच सांगायचं, तुझ्या घरातली कुठली पेटी उघडायची ती तूच निवडून आण! म्हणूनच तर आपण ठराव दिलाय ना, दूध दारात विकत घेऊन तपासायचं म्हणून? सहीसुद्धा तुमची आहे."

"सही केली तेव्हा क्रॉवेल नगरसभेत निवडून आला नव्हता," प्रुइट हळूच म्हणाले. "उद्या, गुरुवारी, ठराव सभेपुढे येतोय, तेव्हा ये हवं तर. पण जपून बोल, पोरी."

गुरुवारी दुपारी नगरसभेत पंखे फिरत होते. रोझाबरोबर आगाता आली होती, डोक्याला रुमाल, हातात टोपली, टोपलीत दोन झाकलेली भांडी.

क्रॉवेल उठले. गुलाबी चेहरा, बोलणं मध. त्यांनी टेबलावर एक बाटली ठेवली. "सद्गृहस्थहो, हे दूध गेल्या गुरुवारचं. हुंगून बघा. आठ दिवस! याहून स्वच्छतेचा पुरावा कुठला हवा?"

बाटली हातोहात फिरली. वाहवा झाली.

रोझानं जांभळ्या कड्याबद्दल सांगितलं. शक्य तितकं सोपं करून, एकही शब्द न वाढवता. क्रॉवेलनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस कुबिचेक, खात्याच्या वहीत माझ्या दुधापुढे 'उत्तम' असा शेरा आहे. तो कुणी लिहिला?"

"मी."

"किती वेळा?"

"एकवीस."

सभागृह खो खो हसलं. "बाईंचं मत हवेबरोबर फिरतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

रोझा आवाज चढवून म्हणाली, "ते एकवीसही नमुने तुम्ही आणलेले होते! तुम्ही दिलं ते मी तपासलं, हा माझा मूर्खपणा. तुम्ही विकलंत ते माझी भाची प्यायली, हा तुमचा..."

"शांत व्हा," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात आगातानं भांडी टेबलावर मांडली आणि झाकणं काढली. एकात दही, घट्ट, सुरी घातली तर कापलं जाईल असं. दुसऱ्यात पाच दिवसांचं पातळ दूध. पोलिशमध्ये तिनं जे म्हटलं ते रोझानं सांगितलं. "आई म्हणते, दोन्ही एकाच खिडकीत ठेवली होती. एक दूध जिवंत होतं. नाकं आहेत ना, बघा म्हणते."

सभासदांनी वाकून वास घेतला. पहिल्या भांड्यापासून ते मागे सरले. एकानं रुमाल नाकाला लावला.

"अहो, हे तर नासलंय!" तो म्हणाला. मग दुसरं हुंगून त्याचा चेहरा खुलला. "आणि हे बघा, किती स्वच्छ! बाई, तुमच्या आईंनी क्रॉवेलसाहेबांचीच बाजू मांडली."

आता तर टाळ्याच पडल्या. ठराव सात विरुद्ध चार मतांनी पडला.

"काय म्हणाले?" आगातानं विचारलं.

"म्हणाले, आपलं दही म्हणजे घाण."

आगातानं झाकणं लावली. "दही नासलं म्हणतात आणि विष चांगलं म्हणतात. असल्यांना मतं देता तुम्ही?"

"आपल्याला कुठे मत आहे, आई? ना तुला, ना मला."

सभेतून आगाता थेट घरी गेली नाही. आपल्या वस्तीतलं, आठव्या वॉर्डातलं, एकेक दार ठोठावत राहिली.

रोझा खात्यात परतली. 'उत्तम' खोडून टाकायची तिला फार इच्छा झाली, पण लिहिलेलं खोडायचं नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. तिनं लाल शाई घेतली आणि एकवीसही नोंदींपुढे लिहिलं: 'नमुना विक्रेत्यानं स्वतः आणला.' मग आजची तारीख, आणि खाली: 'दारातला नमुना, तीनदा तपासला, फॉर्मलिन.' सही केली. प्रुइट मागे येऊन उभे होते. नोकरी जाईल, असं ते म्हणाले. शाई वाळेपर्यंत वही मिटू नका, असं ती म्हणाली.

रविवारी सकाळी क्रॉवेलची गाडी गल्लीत आली. घोडा सवयीनं पहिल्या दारापाशी थांबला. पायरीवर दुधाचं भांडं होतं, पण रिकामं नव्हतं. शुक्रवारी घेतलेलं दूध त्यात काठोकाठ होतं, पातळ, पांढरं. दुसऱ्या पायरीवर तसंच. तिसऱ्या, चौथ्या, गल्लीच्या टोकापर्यंत पायऱ्यापायऱ्यांवर दही न लागलेलं दूध उन्हात चकाकत होतं, आणि घोडा प्रत्येक दाराशी थांबत होता.

टेकडीवरच्या बंगल्यांमध्ये अजून तेच दूध जात होतं, हे रोझाला ठाऊक होतं. तिथल्या बायका त्याचं कौतुकच करत होत्या. तिच्या कडेवर हेला होती. पोर अजून काटकी होती, पण आज ती कुरकुरत नव्हती, चांगली भोकाड पसरून रडत होती.

"काय आजी, आज दूध नको?" गाडीवानानं हाक दिली. तोही पोलिशच.

आगातानं दाराला पाठ टेकली आणि पायरीवरच्या भांड्याकडे बोट केलं.

"याचं दही लागलं, की ये."