लटकं नव्हे

“लटकं वेगळं गं. लटक्यात माया असते. खोट्याला वास येतो.”

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, परातीत हलवा करता करता सासूबाई, हेमलताबाई, असं म्हणाल्या होत्या. नवरा, श्रीरंग, लटकाच रुसून बसला होता आणि त्या त्याच्यावर ओवी रचून गात होत्या. तिळावर पाक चढावा तसा थेंबाथेंबानं चढणारा तो आवाज प्रमोदिनीच्या कानात अजून होता.

आज फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये तो आवाज आतल्या खोलीत बंद होता.

दिवाळीनंतर श्रीरंगला गुडगावच्या एका परदेशी कंपनीत मुलाखत होती. रजा मिळेना, म्हणून त्यानं साहेबांना फोनवर सांगितलं, आई गेली. हुंदकाही काढला. आई तेव्हा स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून प्रमोदिनीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. ती नोकरी मिळाली नाही. आई मात्र मेलेलीच राहिली.

आता बढतीवर डोळा ठेवून साहेबांच्या पत्नीला, पुण्याच्या शालिनीताईंना, हळदीकुंकवाला बोलवायचा हट्टही त्याचाच. बाहेर गारठा आहे, तू पडून राहा, असं आईला सांगून त्यानं बाहेरून कडी घातली. त्याआधी तिच्या पायांवरची शाल हळुवार सारखी केली. त्या हळुवारपणाचीच प्रमोदिनीला जास्त किळस आली.

शालिनीताई कुंकू लावून घेताना थबकल्या.

“अहो, सासूबाईंना जाऊन वर्षही फिरलं नाही. तुमच्यात सण करतात असा?”

श्रीरंगच्या हे लक्षातच आलं नव्हतं. पण तो दारातूनच म्हणाला, “आईचीच इच्छा, मॅडम. जाताना म्हणाली, सण मोडू नका.” आणि डोळे पुसले. ते खरोखरच ओले होते.

आत पलंग करकरला. मग खोकला, ओढणीत दाबावा तसा दाबलेला.

शालिनीताईंनी वळून पाहिलं. श्रीरंग हसला, कामवाली आहे, म्हणाला. आणि बायकोकडे बघितलं: हो म्हण.

प्रमोदिनीच्या मुठीतला तिळगूळ चिकट झाला होता. तिनं करंडा खाली ठेवला, जाऊन कडी काढली आणि दार सताड उघडलं. शाल गुंडाळून हेमलताबाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या.

“कामवाली नाही, ताई. या माझ्या सासूबाई. कुठेही गेल्या नाहीत. आजचा पहिला तिळगूळ यांचाच होता.”