धोंडिबाच्या पापण्या

धोंडिबा साळवे भर दुपारी, कंपनीच्या गेटवर, खुर्चीत बसल्या बसल्या वारला. कंपनीच्या मते असं काही घडलंच नाही, म्हणून आपणही तूर्त तसंच धरून चालू.

करमाडजवळच्या त्या कंपनीत दर दोन तासांनी वॉचमननं स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकायचा, जागा असल्याचा पुरावा म्हणून. वयापरत्वे धोंडिबाच्या पापण्या बुबुळांवर उतरल्या होत्या, वरून कातडी लोंबायची. प्रत्येक फोटोत गडी झोपलेला.

"काका, डोळे उघडून पाठवा," सुपरवायझर शिवराज फोनवर म्हणाला.

"उघडेच हायेत साहेब. झाकलेल्या डोळ्यांचाबी फोटो पाठवतो, ताडून बघा."

"पुढल्या महिन्यात दुसरा माणूस बघतो मी."

धोंडिबानं सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर मेघा मॅडमनं जागच्या जागी भूल दिली, जादा कातडी कापली, पापण्या वर ओढून कच्चे टाके घातले आणि उंची बघायला त्याला उठवून बसवलं.

"सरळ बघा. रोज उघडता तेवढेच उघडा."

धोंडिबानं हिशेब केला. आता डोळे जेवढे बारीक, तेवढ्या मॅडम पापण्या वर घेणार. नोकरीसाठी त्यानं जीव खाऊन डोळे बारीक केले. मॅडमनं पापण्या आणखी ओढल्या.

टाके निघाले. डोळे मिटायचे बंद झाले.

"झोपेत मढ्यावाणी दिसताय," डोळ्यांत मलम घालताना बायको केसरबाई म्हणाली.

"दिसू दे. साहेबाला जागा दिसतोय ना?"

शिवराज खूश. धोंडिबाचा फोटो त्यानं सगळ्या वॉचमनांना पाठवला, खाली लिहिलं, 'याला म्हणतात ड्युटी.'

मग तो दिवस आला. बाराचा फोटो आला नाही. शिवराजनं कॅमेऱ्यात बघितलं, काका खुर्चीत ताठ, नजर रस्त्यावर. उगाच कशाला फोन करायचा? थोड्या वेळानं डोळ्यावर माशी बसली, तरी पापणी लवली नाही. तेवढा व्हिडिओही शिवराजनं सगळ्यांना पाठवला. ट्रकवाल्यांनी सलाम ठोकले, उत्तर आलं नाही. काकाला लई माज आलाय, असं त्यांचं ठरलं.

चारला पाळी बदलायला आलेल्या वॉचमन सत्यमनं खांद्याला हात लावला. खांदा गार आणि कडक होता.

"काकाला कशाला फाडायचं?" असं म्हणत शिवराजनं पोस्टमार्टेम टाळायला लावलं. घरी केसरबाईनं नवऱ्याचे डोळे मिटायला बघितलं. ते काय मिटेनात. शेवटी तिनं त्यावर रुमाल टाकला.

ड्युटीवर मेलेल्याच्या घरच्यांना कंपनी भरपाई देते. कंपनीचं पत्र आलं, कॅमेऱ्यानुसार कर्मचारी ड्युटी संपेपर्यंत सावध होता, मृत्यू त्यानंतर झाला.

केसरबाईनं पोराला, सम्यकला, अर्ज लिहायला बसवलं. शेवटची ओळ तिनं स्वतः सांगितली:

'तरी दुपारी बारा ते चार या वेळेत आपल्या गेटवर जागा दिसणारा इसम मयत होता, असा दाखला कंपनीच्या सही-शिक्क्यानिशी मिळावा, ही नम्र विनंती.'