कोमट पाण्यात वितळलेली गाठ

"वितळली! वितळली!" सगळा हॉल एका सुरात ओरडला. स्टेजवर गाठबाबांनी काचेचा वाडगा उंच धरला. मघाशी त्यात काळपट लाल गाठ थुलथुलत होती. तांब्यातलं मंतरलेलं पाणी पडताच तिचं सरबत झालं. "अशीच तुमच्या काळजातली गाठ विरेल! सुया बंद, गोळ्या बंद, डॉक्टरची पायरी बंद!"

पहिल्या रांगेत माझा दादा हात जोडून बसला होता. दादा शिंपी. हार्ट अटॅकनंतर त्याच्या हृदयात रक्ताची गाठ धरलेली. ती सुटून मेंदूत गेली तर अर्धं अंग लुळं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आणि तिचा डोस ठरवायला दर आठवड्याला रक्ततपासणी. लॅबमध्ये ते रक्त मीच काढायचे. बारा दिवस तो फिरकला नाही, तेव्हा वहिनीला खोदून विचारलं. गाठबाबांच्या नादाने पठ्ठ्याने गोळीच बंद केली होती! वाडग्यातल्या गाठीचा प्रकारही वहिनीनेच सांगितला, म्हणून आज मी तयारीनेच आले होते.

मी तरातरा स्टेजवर चढले. पर्समधून काचेची नळी काढली. "हे माझं सकाळचं रक्त, गोठलेलं. वितळवा!"

"अश्रद्धांच्या रक्तावर मंत्र चालत नाही, ताई."

मी तांब्याच हिसकावला. चांगला गरम होता. नळीत पाणी ओतलं. पाणी लालसर झालं, गाठ जशीच्या तशी. मग दुकानातून आणलेली लाल जेली वाटीत काढली आणि माझ्या थर्मासमधलं साधं गरम पाणी ओतलं. क्षणात सरबत! "कसला मंत्र नि कसलं काय! जेली उष्णतेने वितळते, रक्ताची गाठ नाही."

बाबा मागच्या दाराने सटकले. दादा मात्र माझ्यावरच चिडला. "त्यांनी अर्धा तास माझं ऐकलं गं. तू नुसतं 'मूठ आवळ' म्हणतेस." मला रागही आला आणि लाजही वाटली.

त्याच दुपारी दादाच्या हृदयाची सोनोग्राफी केली. गाठ वाढली होती.

"गोळी गाठ वितळवत नाही," डॉक्टर म्हणाले. "वाढू देत नाही. मग शरीरच ती हळूहळू जिरवतं."

"दर आठवड्याला सुई नको, अशी गोळी नाही का?" दादाने पहिल्यांदाच विचारलं.

"आहे. किडन्या तपासून बघू तुम्हाला चालते का. तोवर जुनी चुकवू नका."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी किडनीच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली. मलाही हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

बाबांना प्रश्न विचारा, डॉक्टरांनाही विचारा, सुई टोचणाऱ्या माझ्यासारखीलाही सोडू नका. पण उत्तर मिळेपर्यंत गोळी बंद करू नका. दादा आज धड बोलतोय, कात्री धरतोय. उद्याचं मला सांगता येत नाही.