मागच्या टोकाची केबिन

रामलिंग हावळ विरत चालले होते. सकाळी चहा देताना हौसाक्कांना नवऱ्याच्या खांद्यातून भिंतीवरचं घड्याळ दिसलं, आणि किती वाजलेत तेही नीट वाचता आलं. आधी कोपरं विरली, मग गुडघे, म्हणजे कापड जिथं आधी विरतं तिथंच. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर ती पाठीकडून बाहेर आली. त्यांनी ती पुसून पेटीत ठेवली आणि म्हणाले, "यांना झोप पाहिजे. झोपेशिवाय माणूस टिकत नाही."

झोप कुठून आणायची? इचलकरंजीच्या त्या घरात खाली यंत्रमाग आणि वर माणसं, असाच दोघांचा जन्म गेला होता. खाली खडखडाट सुरू असला की वरच्या पाळण्यातलं पोर ढाराढूर झोपायचं, आणि लाईट जाऊन माग थांबले की अख्खी गल्ली ताडकन उठून बसायची. पुढं धंदा बसला आणि माग मोडीत गेले. मागांचा ट्रक वळणाआड झाला त्या दिवसापासून घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आली, आणि त्या शांततेत रामलिंगराव डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

थोरली लेक राजश्री पुण्याला नोकरीला. गुणाची पोर. आईबापाला समुद्राची सफर घडवायची तिनं मनावर घेतलं आणि आठवडाभर फोन करकरून जहाजाची सगळी अक्कल गोळा केली. पुढच्या टोकाला लाटा आदळतात, मागच्या टोकाला पंखे फिरतात, वरच्या मजल्यावर डुलतं. मधोमधच्या केबिनीत मात्र आपण पाण्यावर आहोत हेसुद्धा कळत नाही. तिनं तीच केबिन घेतली. "आप्पा, इथं कसली म्हणून थरथर नाही. निवांत झोपा," ती म्हणाली. हौसाक्कांनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोर चुकली होती, पण मायेपोटी चुकली होती, आणि अशी चूक करणारं कुणीतरी आहे यानंच त्यांना भरून आलं.

केबिन खरंच निवांत होती. इतकी, की हौसाक्कांना स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज यायला लागला. पलंगावर बसलेल्या नवऱ्यातून चादरीवरची निळी फुलं देठासकट दिसत होती. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला, तर तो तळहातातून खाली गेला आणि गालिच्यावर पडला.

"हौसा, पेला धरवंना झालाय आता," रामलिंगराव म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. मी धरते."

लेक जेवायला गेली होती. तिचं मन मोडायला नको म्हणून हौसाक्का तेवढ्या वेळात चौकशीच्या टेबलापाशी गेल्या. तिथं तांडेल नावाची मुलगी बसली होती, गळ्यात रुमाल, ओठांवर हसू.

"सगळ्यात थरथरणारी खोली कुठली वो?"

"मागच्या टोकाची, आजी. अगदी खालची. तिच्या पोटाखालीच पंखे आहेत. कप टेबलावर चालत जातो, काठावर धरावा लागतो. तुम्हाला ती देणार नाही, घाबरू नका."

"तीच द्या."

मुलीचं हसू जागच्या जागी राहिलं. "आजी, तिथले लोक रडून रडून इकडं येतात. इकडचं तिकडं कुणी जात नाही."

"मग मोकळीच असंल की."

मोकळीच होती. रामलिंगरावांना चालवत नव्हतं, म्हणून हौसाक्कांनी त्यांना दंडावर टाकलं, वाळलेलं धोतर टाकतात तसं, आणि लांबच लांब बोळातून मागं निघाल्या. त्या जसजशा चालत होत्या तसतसा बोळ पुढं वाढत होता. त्यांनी त्याला वाढू दिलं.

"घडी घालू नगंस," रामलिंगराव दंडावरून म्हणाले.

"न्हाई घालत."

दार उघडलं आणि थरथर तळपायातून वर चढली ती दाढांपर्यंत गेली. हौसाक्का उंबऱ्यातच थांबल्या. माणसाचे उपकार जसे त्या विसरत नसत, तसे यंत्राचेही नसत. खंडेनवमीला त्या प्रत्येक मागाला हळदकुंकू लावायच्या. आताही त्यांनी पिशवीतला करंडा काढला, लोखंडी भिंतीला दोन बोटं लावली आणि हात कपाळाला नेला. मग नवऱ्याला भिंतीला लागून निजवलं. उशी सारखी करेपर्यंत ते घोरायला लागले. मागांचा ट्रक गेल्यापासून हौसाक्कांनी ते घोरणं ऐकलं नव्हतं. त्या पलंगाच्या कडेला बसून पोटभर रडल्या. रडताना टेबलावरचा पेला चालत काठापाशी आला, तो त्यांनी धरला आणि परत भिंतीशी ठेवला. पेला पुन्हा निघाला.

त्या खोलीला एक गोल खिडकी होती, तिच्यातून जहाजामागं समुद्रावर उमटणारी पांढरी रेघ दिसायची. त्या रेघेचं टोक खिडकीच्या रबरातून आत आलं. हौसाक्कांनी बोटांत धरून पाहिलं. चांगलं पिळाचं सूत होतं, थोडं खारट. मागांसाठी सुताच्या कांड्या भरण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी टेबलावरचं जहाजाचं पेन घेतलं आणि सूत त्याच्यावर भरायला लागल्या. पेन भरलं की भिंतीपाशी धरायचं. भिंत ते सूत ओढून घ्यायची आणि खडखड करत रामलिंगरावांत विणायची. आधी टाचा भरल्या. मग पोटऱ्या आल्या, त्यांच्यावरच्या फुगलेल्या शिरांसकट. राजश्री आली, दारात उभी राहून बापाचे पाय बघितले आणि आईसाठी चपातीभाजी घेऊन आली.

"आई, मी उगाच मधली केबिन घेतली."

"तू हितवर आणलंस म्हणून ही घावली. खा आधी."

छाती भरली त्या दिवशी मागच्या गच्चीवरच्या प्रवाशांनी ओरडा केला. ते तिथं रेघेचे फोटो काढायला जमत, आणि रेघ गायब होती. जहाज चालत होतं, पण मागं पाणी सपाट. जहाज परतीला लागलं होतं, पण त्यानंतर मुंबई जवळ यायची थांबली. किनाऱ्यावरच्या इमारती रोज तेवढ्याच लांब. जेवणातली भाजी संपली, मग आमटी, मग नुसता भात राहिला. तांडेल मुलगी सगळ्यांची समजूत काढत फिरत होती, पण तिचंही हसू आता गळ्यातल्या रुमालापर्यंत घसरलं होतं.

कप्तान स्वतः खाली आला. टोपी काखेत घेऊन तो झोपलेल्या रामलिंगरावांकडे बघत राहिला.

"मागं रेघ नसेल, तर जहाज पुढं गेलं असं समुद्र मानत नाही," तो म्हणाला. "मला यंत्र बंद करून ती रेघ मोकळी करावी लागेल."

हौसाक्कांच्या हातातलं पेन थांबलं. "यंत्र बंद झालं की हे उठत्यात. अर्धवट उठलं तर पुन्यांदा काय झोपायचे न्हाईत."

"किती राहिलंय?"

"उजवा हात. मनगटापसनं खाली."

कप्तानानं नकारार्थी मान हलवली. वर माणसं उपाशी होती, हे दोघांनाही माहीत होतं.

"बंद करा. तुमचंबी बरोबर हाय," हौसाक्का म्हणाल्या. "पर एकदम नगा करू. आमच्यात लाईट जायची ती एकदम जायची."

"हळूहळू करतो," कप्तान म्हणाला, आणि जाताना दार आवाज न करता लावून गेला. देव भलं करो त्याचं, असं हौसाक्का मोठ्यानं म्हणाल्या, आणि भरभर कांड्या भरू लागल्या.

थरथर उतरत गेली. तळवा भरला. अंगठा आला, त्याच्या शेजारची तीन बोटं आली, सुताने पडलेले जुने घट्टेही जागच्या जागी आले. खिडकीतून येणारं सूत मग तुटलं आणि समुद्रावर रेघ उमटली. इमारती पुढं आल्या. वर टाळ्या पडल्या, बॅगा घसटत गेल्या, दोर टाकल्याचे आवाज आले. मग यंत्र थांबलं.

सगळं थांबलं. रामलिंगरावांच्या पापण्या हलल्या.

हौसाक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काही विचार करून नव्हे; पोर झोपेत दचकलं की ठेवतात तसा ठेवला. आणि हात थरथरायला लागला. इचलकरंजीच्या घरातले खालचे सगळे माग, जे मोडीत गेले असं गल्ली समजत होती, ते त्यांच्या तळपायांतून वर आले आणि हातातून उतरले. पलंग हलला, भिंत खडखडली. पापण्या शांत झाल्या. दुसऱ्या हातानं हौसाक्कांनी अंबाडा सोडला, एक लांब पांढरा केस ओढून दातांनी पेनावर धरला आणि भिंतीकडे नेला. भिंतीनं तो घेतला.

राजश्री बॅगा घेऊन दारात आली. "आई, सगळे उतरले. आपणच राहिलो. आप्पा उठले?"

"न्हाई. करंगळी ऱ्हायलीय."

राजश्री त्याच घरातली, त्याच पाळण्यातली. तिनं बॅगा खाली ठेवल्या, चपला काढल्या आणि बापाच्या पाठीवर आईच्या हाताशेजारी आपला हात टेकला. थरथर दुप्पट झाली. हौसाक्कांना बोलता येईना, तोंडात पेन होतं; पण त्यांनी लेकीकडे असं पाहिलं की तिचे डोळे भरून आले.

टेबलावरचा पेला भिंतीपासून निघाला होता. तो धरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. पेला काठापर्यंत आला, आणि तिथं न थांबता, न पडता तसाच पुढं चालत राहिला.