गर्भ ठेवल्यावर मी उठून चालले

इजिप्तमधल्या तंता शहरातल्या आमच्या गल्लीत कबसा न मानणारी बाई सापडायची नाही. नवरीच्या, बाळंतिणीच्या नाहीतर दिवस राहायची वाट बघणारीच्या खोलीत कुणी कच्चं मटण घेऊन शिरलं, की तिला कबसा लागतो आणि तिची कूस बंद होते, असं सगळ्याजणी छातीठोकपणे सांगतात. आणि मला नवरा मिळाला कसाई. आता बोला.

मागच्या वर्षी दवाखान्यात बाहेर तयार केलेला गर्भ पहिल्यांदा माझ्या पोटात ठेवला, तेव्हा माझ्या सासूनं, हाज्जा तफीदानं, माझ्या नवऱ्याला, वगीहला, थोरल्या दिराकडे झोपायला पाठवलं आणि मला पलंगावर आडवं केलं. वळायचं तर तिला विचारून. मला शिंक आली तरी तिच्या कपाळावर आठी. एवढं सोसूनही रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. मग हाज्जानं शोधून काढलं, की मी एकदा खिडकी लावायला उठले होते. त्या खिडकीची गोष्ट तिनं वर्षभर लग्नात सांगितली, मयतात सांगितली, भाजीवालीलाही सांगितली. मी ऐकून घेतलं. पण मनाशी ठरवलं, की पुढच्या खेपेला पडून राहून वर दोषही घ्यायचा, हे जमणार नाही.

या खेपेला मी डॉक्टर नेरमीनबाईंना सगळं खोदून खोदून विचारलं. खरा छळ आधीच असतो, कारण सोनोग्राफीच्या पडद्यावर नीट दिसावं म्हणून लघवी तुंबवून जावं लागतं. बाकी भूल नाही, टाका नाही. शेवईएवढी बारीक, मऊ नळी आत गेली, जरा ओढल्यासारखं झालं आणि पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकला. खोटं कशाला सांगू, त्या ठिपक्यावर माझा जीव जडला.

लगेच लघवीला जाऊन या, म्हणाल्या बाई. मी घाबरून विचारलं, "पडणार नाही ना?"

"तो काय खिशातलं नाणं आहे, पडायला?" त्या हसल्या. "रुजायचा तर रुजेल. झोपून राहिलात म्हणून रुजत नाही आणि चाललात म्हणून सुटत नाही."

छाती दुखेल, पोट फुगेल, तो औषधाचा गुण, त्यावरून काही ठरवू नका, असं त्यांनी बजावलं. थोडा डाग दिसला तरी औषध थांबवायचं नाही. रक्ताच्या तपासणीपर्यंत कुणालाच काही कळत नसतं, त्यांनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन गल्ल्यावर बसले. डोक्यावर आकड्याला अख्खा बोकड टांगलेला. वगीहचा सुरा हातातच राहिला.

"इन्शिराह, घरी जा. काही वाईट झालं तर अम्मा तुला जगू द्यायची नाही."

"मागच्या वेळी जगू दिलं होतं का?"

तो खिमा करायला लागला. हाज्जानं ऐकलं तेव्हा तिनं जेवण सोडलं, संध्याकाळी पुन्हा धरलं. शेजारणी मटण घ्यायच्या निमित्तानं मला बघून जायच्या. मी ताठ बसायचे. मोरीत गेले की मात्र आधी कपडा बघायचे, आणि पांढरा दिसला की भिंतीला टेकून श्वास सोडायचे. भीती वाटत नव्हती असं कोण म्हणतं?

रक्ताची तपासणी झाली आणि दवाखान्यातून फोन आला. या वेळीही नाही. वगीहनं दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मी गल्ल्यावरच बसून राहिले, पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजून घेतले.

दुपारी हाज्जा आली. दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, ते तिला बरंच झालं.

"सांगत होते ना? मटणात येऊन बसलीस. माझा नातू घालवलास."

"हाज्जा, मागच्या वेळी तुम्ही सांगितलं तशी पडून राहिले, तेव्हाही नाही राहिला. या वेळी चालले, तेव्हाही नाही राहिला. रुजला नाही, एवढंच. माझा दोष नाही."

"मग काय माझ्या वगीहचा?"

"त्याचाही नाही. आणि त्या बोकडाचा तर मुळीच नाही."

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

ती तिथल्याच बाकावर मटकन बसली आणि काळी ओढणी तोंडाला लावून ढसाढसा रडली. मागच्या वर्षी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडायची गरजच पडली नव्हती, दोष द्यायला मी होते ना.

मी गल्ल्यावरून उठून तिच्याशेजारी बसले. गिऱ्हाईकं आपापल्या पायांकडे बघत होती.

"अजून दोन गर्भ गोठवून ठेवलेत," मी म्हणाले. "मी परत जाणार, हाज्जा. आणि परत चालतच येणार."