चिमाजी सुताराची कुरकुर

थेरगावात चिमाजी सुताराच्या तोंडी लागायला कुणी धजत नसे. लाकूड ओलं आणलं तर तो गिऱ्हाइकाला बोले, सुकं आणलं तर चिरफळ्या उडतात म्हणून बोले. "चिमाजीला देव जरी भेटला, तरी म्हनंल एवढा उशीर का केला," असं लोक पारावर बसून म्हणत. पिंपरीला कंपनीचं बांधकाम निघालं आणि तो तिथे फळ्या ठोकायला जाऊ लागला, तेव्हा त्याच्या कुरकुरीला नवा मुलूख मिळाला, एवढंच.

घरी ते सगळं अंबुबाईच्या वाट्याला येई. भाकरी जाड झाली, चहा पांचट झाला, धूर डोळ्यांत गेला. मूलबाळ नव्हतं, ऐकणारी ती एकटीच. भाकरी थापता थापता ती "व्हय, व्हय" म्हणत राही आणि त्याचा सूर फारच चढला तर विचारी, "झालं का? का अजून वाढू?" मग तो गुमान जेवायचा. आळीतल्या बायका तिची कीव करत, आणि तिला त्या किवेचं हसू येई.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या पोटात दुखू लागलं. तिने ओवा खाल्ला, शेक घेतला. कशानेच उतार पडेना, तेव्हा चिमाजीने युसुफचा टांगा सांगितला, चिंचवड स्टेशनावर गाडी धरली आणि तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. वाटभर त्याचं तोंड चालूच होतं.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि त्याला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं.

"गाठ फार वाढली आहे. आता कापण्यात अर्थ नाही. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि त्यांचं मन दुखवू नका."

चिमाजीला ते शेवटचं वाक्यच जास्त लागलं. आजवर आपण दुसरं केलं काय, असं त्याला वाटलं.

परतताना स्टेशनावरून घरी येताना युसुफचा टांगा खड्ड्यात आदळला. आता शिव्या येणार म्हणून युसुफने मान आखडून घेतली, पण मागून काहीच आलं नाही.

"चिमाजीभाऊ, बरं हाय ना?"

"हाय."

अंबुबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मग ती बाहेर बघत बसली.

"वात धरलाय म्हनला डाक्टर," चिमाजीने तिला सांगितलं. त्या दिवसापासून तो स्वतः पाणी भरू लागला. कामावरून आला की दारातूनच हळू विचारी, "बरं वाटतंय का?" करपलेली भाकरी खाऊन चांगली झालीय म्हणे. ती उभी राहू शकत होती तोवर चूल तिने सोडली नाही.

एका संध्याकाळी तिने आमटी वाढली. तो खाली मान घालून ओरपत होता.

"अजून वाढू?"

"वाढ. झ्याक झालीय."

अंबुबाईने पळी खाली ठेवली. "मीठ घातलंच न्हाई मी. मुद्दाम."

त्याचा हात ताटातच थांबला.

"अवं, मी जगत न्हाई व्हय आता?"

चिमाजीला मान वर करवेना. तो म्हणाला, "तुजं मन दुखवू नको म्हनला त्यो."

"त्याला काय ठावं?" ती म्हणाली. "तुमी असं ग्वाड बोलाय लागला की मला परक्याच्या घरात आल्यावानी वाटतं. बोला की. आमटीला नावं ठेवा."

"आमटीचं... पार पानी केलंस," त्याने सुरुवात केली, पण आवाज फाटला.

"न्हाई जमलं," ती म्हणाली. "उद्या परत बगा."

दुसऱ्या दिवशी त्याला थोडं जमलं. तिचा चेहरा बघून बोलता येत नसे, म्हणून तो उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसे आणि मुकादमाला, थंडीला, तिच्या औषधाच्या वासाला नावं ठेवी. आतून अंथरुणावरून बारीक आवाजात "व्हय, व्हय" येई. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकत. बाई मरणाला टेकली तरी ह्याचं तोंड थांबेना, असं गावभर झालं. ते चिमाजीच्या कानावर येई. तो कुणाला काही सांगत नसे.

पिंपळे गुरवहून अंबुबाईचा धाकटा भाऊ मालोजी आला. त्यानेही ते ऐकलं.

"दाजी, आता तरी तिला सुखानं जाऊ द्या."

"बोलू दे रं त्यास्नी," आतून अंबुबाई म्हणाली. मालोजीला तो बहिणीचा सोशिकपणा वाटला आणि त्याचे डोळे भरून आले.

शिमग्याच्या आधी एका सकाळी चिमाजी उंबऱ्यावर बसून कंपनीच्या खिळ्यांबद्दल बोलत होता. ठोकला की वाकतोय, असले खिळे देतात. आतून काही आलं नाही. त्याने तेच जरा मोठ्याने पुन्हा म्हटलं. मग तो तसाच बसून राहिला; मागे वळायला त्याला फार वेळ लागला.

तेराव्याला गाव जेवून गेलं. "सुटली बिचारी," बायका उष्टी काढताना म्हणाल्या, त्याला ऐकू जाईल अशाच. चिमाजी मालोजीला पोचवायला वेशीपर्यंत गेला. खरं काय ते ह्या एकाला तरी सांगावं, असं वाटेत त्याच्या मनात आलं, पण कुठल्या शब्दांत सांगायचं ते सुचेना. तेवढ्यात मालोजीने पायताण घट्ट केलं आणि मागे न बघता तो पिंपळे गुरवच्या वाटेला लागला.