मी विरजणात उशिरा फुटलो

मी उषाबाईंच्या विरजणातला विषाणू बोलतोय.

त्यांच्या लेकीला, जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या हर्षदाला, वाटलं होतं की आम्ही सगळी भावंडं एकाच वेळी जिवाणू फोडून बाहेर पडू. मग आम्हाला धुऊन टाकायचं आणि उरलेल्या निरोगी जिवाणूंवर आईचं विरजण वाचवायचं. पण सूक्ष्मदर्शकाखाली एक जिवाणू लवकर फुटला, शेजारचा कितीतरी उशिरा. धुतलेल्या विरजणात मी राहूनच गेलो, एका जिवाणूच्या पोटात.

माणसांना माझी बाधा नाही. दही लावणारे जिवाणू हेच माझं घर नि अन्न. आत शिरलो की माझ्या जनुकांवरून एक प्रथिन तयार होऊ लागतं. ते पुरेसं साठलं की जिवाणूची भिंत फुटते. कधी भराभर साठतं, कधी रेंगाळतं. जनुकं तीच, तरी वेळ वेगळी. ती मी ठरवत नाही.

हे विरजण उषाबाईंनी लग्नानंतर शिरपूरच्या माहेराहून आणलं. इथे नवागामच्या खोलीत रोज कालचं चमचाभर दही आजच्या दुधात गेलं. विरजण तुटू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. कुठूनसा मी त्यात आलो आणि त्याच चमच्यातून पुढे जात राहिलो. दही लागेनासं झालं.

"परदेशात शिकून आली, अन् घरचं दही लागेना!" शेजारच्या इंदुबाई हसल्या.

"हसू नका, मावशी. विषाणूला घड्याळ नसतं."

"मग फेक ना ते."

"माझ्या मायनं दिलेलं हाय," उषाबाई म्हणाल्या. "माय गेली, आता हेच उरलं. फेकू नको, बेटा."

हर्षदानं पुन्हा धुतलं, पुन्हा लावलं. मी पुन्हा मागे राहिलो, पुन्हा फुटलो. संध्याकाळी पातेल्यात दूधच पाहून उषाबाई पदरानं डोळे पुसत बसल्या. मला थांबता आलं असतं, तर थांबलो असतो.

"आई, हे विरजण तू कधी कोणाला दिलं होतंस?"

"इंदुबाईला. तिच्या गोपालच्या बारशाला."

"अगं बाई! म्हणजे मी इतकी वर्षं तुमच्या मायचंच दही खातेय?" इंदुबाई दारातून म्हणाल्या.

तेव्हा मी या घरात आलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदानं ठरवलं. माझा नायनाट करायला पातेल्यात पाणी ओतून मला चुलीवर चढवलं आणि आईच्या हातात नवी वाटी देऊन तिला विरजण आणायला इंदुबाईंकडे धाडलं. पाणी तापतंय. उषाबाई, चमचा बुडवण्याआधी हात नीट धुवा. माझं एखादं भावंड तुमच्या बोटावर असेल, आणि त्याची वेळ मलाही सांगता येणार नाही.